शेवाळाचा खांब

चीनच्या लढाईला महिना उलटून गेल्यावर पलटणीकडून पत्र आलं. इंग्रजीत होतं, म्हणून पुंजाजींनी ते शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतलं. त्यांचा मुलगा, शिपाई देवमन, बेपत्ता होता. मेला असं पत्रात नव्हतं, जिवंत आहे असंही नव्हतं. घरी येऊन त्यांनी सुनेला तेवढंच सांगितलं. पंचफुलानं सुपातली ज्वारी पाखडून पुरी केली, सूप खुंटीला अडकवलं आणि विचारलं, भाकरी आता टाकू की थोडं थांबू?

पुंजाजी बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

ती रडली नाही. अकोल्यातल्या त्या वस्तीतल्या बायका येऊन बसत, तिच्या तोंडाकडे पाहत आणि शेवटी स्वतःच डोळे पुसत उठून जात. कुंकवाचाही विषय निघाला. एकीचं म्हणणं लावत राहावं, दुसरीचं म्हणणं खबर लागेपर्यंत कोरं कपाळच बरं. पंचफुला एखाद्या दिवशी लावी, एखाद्या दिवशी नाही. बायका त्यातून काय काय अर्थ काढत. अर्थ काही नव्हता, ती खरंच विसरायची. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत सगळ्या सुट्ट्या मिळून देवमन चार महिने घरी होता. त्याचा चेहरा आठवायला गेलं की टोपी आठवे, मिशी आठवे. मधलं काही आठवत नसे.

पुंजाजी एका साहेबांच्या बंगल्यावर माळी होते. बंगल्याच्या व्हरांड्यात कुंडीत मनीप्लँटचा वेल होता, खाली लोंबून फरशीवर पसरलेला, पानं रुपयाएवढी. फेब्रुवारीत अमरावतीला फुला-झाडांचं प्रदर्शन भरायचं होतं. बाईसाहेबांनी कलकत्त्याला शेवाळाच्या खांबावर चढवलेला असा वेल पाहिला होता आणि त्यांना तसाच हवा होता. पुंजाजी हो म्हणाले. तरुणपणी चिखलदऱ्याला एका इंग्रजाच्या बागेत त्यांनी असे खांब केले होते. पण आता एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि दुसऱ्यानं तार दिसत नव्हती.

"मी सांगतो, तू करजो," ते सुनेला म्हणाले.

ती बरं म्हणाली. कुणी विहिरीत उतर म्हटलं असतं तरी त्या दिवसांत ती बरंच म्हणाली असती.

शेवाळासाठी दोघं एसटीनं परतवाड्याला आणि तिथून घाट चढून चिखलदऱ्याला गेले. डिसेंबर अर्धा सरला होता. दरीच्या अंगाला जुनाट आंब्या-जांभळांची झाडं होती, त्यांच्या बुंध्यांवरचं शेवाळ तपकिरी पडून वाळलं होतं. हे मेलेलं आहे, असं पंचफुला म्हणाली. पुंजाजींनी मूठभर काढून झऱ्यात बुडवलं आणि तिच्या हातावर ठेवलं. थोड्या वेळानं ते हिरवं झालं. तिनं ते पाहिलं आणि पोत्यात टाकलं.

एका झाडाचं सगळं ओरबाडायचं नाही, हाताएवढा तुकडा काढला की पुढच्या झाडाकडे जायचं, असं त्यांनी बजावलं होतं. ती तशीच पुढे पुढे सरकत राहिली. पुंजाजी घोंगडी पांघरून एका दगडावर बसले होते. दोन पोती भरत आली तेव्हा ती त्यांच्याजवळ आली आणि त्यांनी तिचा हात धरून डोळ्यांजवळ नेला.

"रक्त येऊन राह्यलं तुया बोटातून. कयलं नाही का तुले?"

तिनं पाहिलं. सालीनं तीन बोटं सोलली होती. तिला खरंच कळलं नव्हतं.

बंगल्याच्या मागे, गाडीखान्याशेजारी तिनं कामाला सुरुवात केली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी आणली. मधे बांबूची काठी, तिच्या बुडाला आडवी कामटी बांधलेली, म्हणजे कुंडीत खांब फिरत नाही. शेवाळ घमेल्यात भिजवायचं, पिळायचं, काठीभोवती थापायचं, वरून जाळी गुंडाळून तारेनं शिवायची. पुंजाजी बोटांनी चाचपत आणि सैल आहे, घट्ट आहे एवढंच सांगत. वेलाच्या प्रत्येक पेराला मागून मुळाचा टोचा, बारीक कोंब, असतो. ती बाजू खांबाला आणि पानाची बाजू उजेडाकडे ठेवायची. पेराखाली केळीच्या सोपटाच्या दोरीनं बांधायचं, तेही सैल. देठ बांधला की पान गेलं.

पहिला खांब फसला. तिनं शेवाळ इतकं दाबून भरलं होतं की वरून ओतलेलं पाणी बाहेरच्या बाहेर ओघळून जाई आणि आत कोरडं राही. तीन आठवड्यांनी सोडून पाहिलं तर मुळांचे टोचे काळे पडले होते. बाईसाहेब जरा रागावून बोलल्या. पुंजाजींची मान खाली गेली. पंचफुलाला ना राग आला ना लाज वाटली. तिनं जाळी उकलली, शेवाळ पुन्हा भिजवलं आणि दुसरा खांब भरायला घेतला.

या वेळी हात हलका ठेवला. सकाळ-दुपार-संध्याकाळ ती लोट्यानं पाणी घाली, धार अगदी बारीक, खालपर्यंत ओल उतरेस्तोवर. जानेवारी सरताना एक पेर तिनं हळूच ओढून पाहिलं, तर ते सुटेना. मुळं आत शिरली होती. नवीन पान उलगडलं ते तळहाताएवढं होतं, त्याच्या वरचं त्याहून मोठं. पुंजाजींनी पानावरून बोट फिरवून माप घेतलं आणि लांब श्वास सोडला. घरी गेल्यावर त्या दिवशी ते एक भाकरी जास्त जेवले.

अमरावतीच्या प्रदर्शनात कुंडीला दुसरं बक्षीस मिळालं. पाटीवर नाव बाईसाहेबांचं होतं. पण सरकारी रोपवाटिकेच्या अधिकाऱ्यानं हे कुणी केलं असं विचारलं तेव्हा बाईसाहेबांनी मंडपाबाहेर बसलेल्या पंचफुलाला आत बोलावून त्याच्यापुढे उभं केलं. अकोल्याच्या रोपवाटिकेत असे खांब करशील का, रोजंदारीवर? ती बरं म्हणाली.

उन्हाळा लागला. चीननं धरून नेलेले शिपाई सुटून यायला लागले. पुंजाजी रोज मास्तरांकडे जाऊन पेपरातली नावं वाचून घेत. मे महिन्यात, देवमनच्या पलटणीतला, बोरगावकडचा श्रावण घर शोधत आला. त्याच्या एका पायाची बोटं नव्हती. पंचफुलाचा थोरला भाऊ डोमाजीही त्या दिवशी आलेला होता. श्रावणनं पाणी घेतलं, चहाला नको म्हणाला, आणि खाली पाहत सांगायला लागला. ठाणं सोडून मागं फिरायचा हुकूम आला. दोन दिवस ते बर्फातून चालले, पोटात काही नाही. तिसऱ्या दिवशी देवमन एका दगडाला टेकून बसला. तुम्ही व्हा पुढे, मी येतो, म्हणाला.

"मांग पाह्यलं का तुमी?" पंचफुलानं विचारलं.

"पाह्यलं. बसलाच होता."

"कितीदा?"

"दोनदा. मंग वळण आलं."

तिनं त्याच्या पायाकडे पाहिलं. "पायात बूट होते?"

"होते. कापडाचे."

पुंजाजींनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलताना दिसत होते, आवाज मात्र नव्हता. पंचफुलानं श्रावणला जेवायला वाढलं. तिसऱ्या दिवशी घरात मेणबत्ती लावून बुद्धवंदना झाली आणि वस्तीतली माणसं आली. त्या दिवशी कपाळाचा प्रश्न कुणी काढला नाही.

मग डोमाजीनं विषय काढला. पोरगी चोवीस वर्षांची आहे, मूर्तिजापूरला नेतो, पुढंमागं कुठं जमलं तर पुन्हा घर बसवून देऊ, असं तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, आणि पुंजाजींनाही ते ठाऊक होतं.

"थे म्हणन तसं," ते म्हणाले. "मी अडवत नाही."

दोघं तिच्याकडे पाहत राहिले. तिला वाटलं, आता आतून काहीतरी वर येईल, हो नाहीतर नाही. काहीच आलं नाही. रोपवाटिकेतल्या सावलीच्या मांडवात तिचे अकरा खांब उभे होते, एवढं मात्र तिला स्पष्ट दिसलं.

"मी नाही येत, दादा," ती म्हणाली. "उद्या कामावर जा लागते मले. या उनात शेवाय दोन घंट्यात सुकते."

"शेवायासाठी राह्यतं काय माणूस?"

"तूर्त तेच हाय मायापाशी."

डोमाजी वाद घालणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती त्याला पोचवायला स्टेशनावर गेली. गाडी हलली तेव्हा त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला, काही बोलला, ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. गाडी गेल्यावर फलाटावर ती एकटीच उभी राहिली. जवळच एक जण आलुबोंडे तळत होता. तिनं दोन घेतले आणि बाकावर बसून खायला लागली. पहिला कधी संपला ते तिच्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्याचा घास तोंडात असताना मिरची लागली, डोळ्यांत पाणी आलं, आणि आपल्याला भूक लागली होती हे तिला कळलं. तिनं उठून आणखी दोन मागितले, एक खाल्ला, आणि एक पुंजाजींसाठी कागदात बांधून घेऊन ती घराकडे निघाली.