ग्रेच्का आधी आत जाईल

घर बदलणं मांजराच्या जिवावर येतं, हे यानिनाला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी ती पिन्स्क शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते तिने शाळेतल्या पोरीसारखं पाठ केलं. आधी एकच खोली तयार करायची. मांजरीचं अंथरूण धुवायचं नाही, कितीही कळकट असो. तिची वाटी, तिची वाळूची पेटी, घरधन्याचा अंगातला एखादा स्वेटर, सगळं त्या खोलीत. मांजर पिशवीतून न्यायची, खोलीचं दार लावायचं, आणि मगच पिशवीची चेन उघडायची. त्याआधी काही झालं तरी नाही.

एवढा खटाटोप एका मांजरीसाठी? तसं बघायला गेलं तर तो मांजरीसाठी नव्हताच. तो विकेंतीसाठी होता.

विकेंती म्हणजे यानिनाचा नवरा. जन्मभर नदीवरच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, घरात कधी आवाज न चढवणारा माणूस. त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत चालली होती. आधी नावं गेली, मग रस्ते गेले, आणि गेल्या हिवाळ्यात यानिनाही गेली. एका सकाळी त्याने तिला फार अदबीने विचारलं होतं, "बाई, तुम्ही रोज येता का?" सगळा संसार ज्याने 'यांका, अगं यांका' करत काढला, तो माणूस तिला अहो-जाहो करायला लागला. तिने न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं. मग बाहेर येऊन त्याला चहा दिला. करते काय?

त्यांची मांजर, ग्रेच्का, मात्र त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. भाजलेल्या ग्रेच्काच्या, म्हणजे कुट्टूच्या, दाण्यांसारखा तपकिरी रंग, म्हणून तिचं नाव ग्रेच्का. संध्याकाळ झाली की विकेंती बूट चढवायचा, टोपी घालायचा आणि म्हणायचा, आता घरी जायला हवं, घरची वाट बघत असतील. तुझं घर हेच आहे, असं यानिनाने हजारदा सांगितलं तरी त्याला पटायचं नाही. मग ग्रेच्का यायची, त्याच्या मांडीवर चढून बसायची, आणि तो तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "अरेच्चा, ही इथं आहे. म्हणजे घरीच आहे की मी." आणि बूट काढायचा.

जुनं घर पाचव्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती आणि त्याचे गुडघे गेले होते. म्हणून नदीपलीकडे पहिल्या मजल्यावरचं घर घेतलं. मिन्स्कला राहणाऱ्या लेकीने, लारिसाने, फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. नव्या घरात बाबा रमले तर ठीक, पण रोज असे बाहेर पळायला लागले तर आई, तुझ्याच्याने होणार नाही. मग त्यांना अशा माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवावं लागेल. लेक वाईट नव्हती, बोलली ते खरंच बोलली. पण यानिनाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने मनाशी एवढंच धरलं की ग्रेच्का रमली की हा रमेल.

सामान हलवायच्या दिवशी विकेंतीची थोरली बहीण स्तेफा गावाहून आली. बाई मोठी खटपटी आणि मायाळू, पण तिच्या तोंडाला कुलूप नाही. येताना नव्या घराला शकुनाची म्हणून भाकरी आणली, मीठ आणलं, आणि आल्या आल्या फर्मान सोडलं की माणसांआधी मांजर आत गेली पाहिजे. आपल्या पायांनी, उंबरठा ओलांडून. यानिनाने डॉक्टरीणबाईंचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, पिशवीचं सांगितलं. स्तेफाने ते ऐकून घेतलं आणि भावाकडे बघत हळू आवाजात यानिनाला म्हणाली, "तुला माहीत आहे, रिकाम्या घरात पहिलं पाऊल ज्याचं, पहिला तोच देवाघरी जातो. आणि बघ, दारात पुढे कोण उभं आहे."

यानिनाने पाहिलं. उघड्या दारासमोर विकेंती उभा होता, टोपी हातात धरून, पाहुण्यासारखा. कुणी 'या' म्हणालं की आत जाईल असा.

उभा जन्म यानिनाने औषधांच्या दुकानात काढला होता. असल्या गोष्टींना ती हसायची. पण तिच्या आईने हेच केलं होतं, सासूनेही हेच केलं होतं, आणि समोर तो असा उभा. तिने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं, पिशवी उंबरठ्याशी ठेवली, आणि चेन उघडली.

ग्रेच्काने डोकं बाहेर काढलं. आत बघितलं, वास घेतला. एक पाय उंबरठ्यावर ठेवलासुद्धा. स्तेफाने छातीवर क्रुसाची खूण केली. आणि नेमकं तेव्हाच खालून कपाट वर आणणाऱ्यांच्या हातून कपाट जिन्याच्या कठड्यावर आदळलं. एवढा धाडकन आवाज झाला की माणसंही दचकली. ग्रेच्का वळली, यानिनाच्या पायांमधून निघाली, आणि जिना उतरून गेली. खालचं दार सामानासाठी वीट लावून उघडं ठेवलेलं होतं.

ज्या मांजरीने जन्मात कधी मातीवर पाय ठेवला नव्हता, ती एका क्षणात रस्त्यावर गेली. यानिना धावली. गाड्यांखाली वाकली, तळघरांच्या खिडक्यांशी बसून हाका मारल्या. पुलापलीकडे जुन्या घरीही जाऊन आली. पुढे रोज जायची. तिथली नवी माणसं भली, तिला बसवून पाणी द्यायची. पण मांजर कुणी पाहिली नव्हती. स्तेफा स्वयंपाकघरात बसून रडत होती, स्वतःला शिव्या घालत होती, आणि यानिनाला तिच्यावर रागावताही येईना. चेन उघडणारा हात स्वतःचा होता. ज्याला वाचवायला उघडली, त्याचंच घर त्या उघड्या पिशवीतून निघून गेलं होतं.

विकेंतीने त्या संध्याकाळी बूट चढवले आणि ते काढेचना. दाराशी उभा राहून तो कडी खालीवर करत राहायचा. एकदा ओरडलासुद्धा, जो कधी ओरडला नव्हता. म्हणाला, मला इथं का डांबलंय? लारिसाने फोनवर ते ऐकलं आणि म्हणाली, आई, मी संस्थेची चौकशी सुरू करते.

तेव्हा स्तेफाने पुन्हा डोकं चालवलं. तिच्या गावात एकीच्या कोठारात मांजरं होती, आणि त्यात एक अगदी ग्रेच्काच्या रंगाची. ती टोपलीला वर फडकं बांधून घेऊन आली. ह्या वेळी यानिनाने कुणाचं काही ऐकलं नाही. टोपली थेट न्हाणीघरात नेली, दार लावलं, आणि मग फडकं सोडलं. मांजर तडक टबाखाली गेली ती बाहेर यायला तयार नाही.

यानिना म्हणाली, "ग्रेच्का आली बघ. घर नवीन आहे ना, बुजलीय."

विकेंतीने टबाखाली वाकून पाहिलं, बराच वेळ. मग त्या दुखऱ्या गुडघ्यांनी तो गार फरशीवर बसला. यानिनाने उशी आणून दिली. पुढचे दिवस तो तिथेच बसायचा. उकडलेल्या कोंबडीचे धागे काढून टबाच्या कडेशी ठेवायचा, हात लांब करून थांबायचा, आणि हलक्या आवाजात बोलत राहायचा. "घाबरू नकोस. मीपण इथं नवाच आहे. मलापण काही ओळखीचं दिसत नाही. पण बाई चांगल्या आहेत, जेवायला देतात." यानिना दाराबाहेर भिंतीला टेकून ते ऐकायची आणि पदर नाही म्हणून बाहीने डोळे पुसायची.

हळूहळू मांजर बाहेर आली. आधी त्याच्या बोटांशी, मग उशीवर, आणि एका संध्याकाळी मांडीवर. त्या दिवशी विकेंतीने बूट चढवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. यानिनाने लारिसाला फोन करून सांगितलं, रमले गं तुझे बाबा, चौकशी थांबव. स्तेफाला सांगितलं. जो भेटेल त्याला सांगितलं. फसवल्याची बोच होती, पण हायसं वाटलं होतं ते जास्त. मेली तर मेली खरेपणाची मिजास, माणूस घरात राहिला ना, असं ती स्वतःला बजावायची.

आठवडाभराने ती त्याच्यासाठी चहा घेऊन आली. तो खिडकीशी बसला होता, मांजर मांडीवर झोपलेली. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि तिला जवळ बोलावलं.

"बाई, एक सांगू? कुणाला बोलू नका." तो कुजबुजला. "ही ग्रेच्का नाही."

तिने कप खिडकीत ठेवला. यानिनाने विचारलं, कशावरून?

"आमची ग्रेच्का माझा अंगठा चावायची. लाडाने. ही चावत नाही. बोटांशी आली त्याच दिवशी ओळखलं मी." त्याने मांजरीच्या कानामागे खाजवलं. "हिचा काय दोष? हिलाही कुणीतरी उचलून आणलंय. पण माझ्या बायकोला कळू देऊ नका. यांकाला. तिने एवढी धडपड करून आणलीय, मला बरं वाटावं म्हणून. मला कळलंय हे समजलं तर फार रडेल ती. न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडते. तिला वाटतं मला ऐकू येत नाही."

यानिनाने विचारलं, "मग तुम्ही आताशा घरी जायला निघत नाही, ते?"

"कसा निघू? ती मला न्यायला येणार आहे. मी निघून गेलो तर तिची-माझी चुकामूक होईल." मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे काळजीने पाहिलं. "तुम्ही उभ्या का? बसा ना. तुम्हाला काही लागलंय का?"

ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"नाही सांगणार ना तिला?"

"नाही सांगणार," यानिना म्हणाली.