मोठ्या घंटेची चोपदारीण

मित्रांनो, मी भिलाईतल्या मरोद्याच्या शाळेतील एक जुनी घंटा आहे. ‘जुनी’ हा शब्द मी स्वतः उच्चारला. तुम्ही उच्चारू नये.

माझा जन्म तिथल्याच पोलाद कारखान्यातला. रेल्वेचा रूळ कापताना टोकाशी उरलेला हातभर तुकडा म्हणजे मी. माझी भावंडे देशभर आडवी पडून अंगावरून गाड्या जाऊ देतात. मी मात्र कडुनिंबाला ताठ लटकले आणि उभ्या शाळेला उठवू-बसवू लागले. शिपाई तेजराम हातोडा उचले आणि माझा आवाज थेट फाटकापलीकडे जाई. मुख्याध्यापिका सुशीलाबाई तर दरवेळी दचकून चहा सांडत. मी त्याला आदर समजत असे.

मग दुसरीच्या वर्गात टीना आली. टीना फारसे बोलत नसे. पण मी वाजले रे वाजले, की कान दाबून ती धावत सुटे, ती थेट फाटकाबाहेर, ट्रकच्या रस्त्यावर. एकदा तेजरामने तिला चाकापासून जेमतेम ओढून आणले. सुशीलाबाईंनी वैभवी मॅडमना गाठले.

“वैभवी, आता आणखी एकदा पळाली तर तिले घरीच बसवा लागते. पोरीचं काही झालं तर तिच्या मायले मी काय तोंड दाखवू?”

वैभवी मॅडम विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षिका होत्या. चार शाळा आणि एक स्कूटी, एवढा त्यांचा संसार. त्या आल्या की नेमके कोणीतरी शिक्षक रजेवर असे आणि सुशीलाबाई त्यांना त्या वर्गावर पिटाळत. त्या दिवशी मात्र त्या हलल्या नाहीत. टीनाशेजारी बसून त्यांनी मला दिवसभर ऐकले. इतक्या लक्षपूर्वक मला कोणीही ऐकले नव्हते. मी सुखावले. सायंकाळी त्या म्हणाल्या,

“बाई, टीनाले आवाजापेक्षा तो अचानक येते त्याचं भेव आहे. माझे बाबा प्लांटात क्रेन चालवत. क्रेन हलवायच्या आधी घंटी देत, म्हणजे खालचा माणूस सावध होते. आपण कावून नाही देत?”

“मंग ही एवढी मोठी लटकून राहिली, ते काय आहे?”

“हिच्या आधी एक लहान. तेजरामभैय्या, तुमची सायकल कुठे आहे?”

तेजरामने डोके खाजवले. “घंटी बर घंटी, मॅडम?”

मित्रांनो, घंटेसाठी घंटी! तीही सायकलची, जिचे सारे आयुष्य कुत्र्यांना बाजूला सारण्यात गेले! लाज अशी, की त्या दिवशी मी गंजले असते.

दुसऱ्या दिवशी तेजराम टीनाच्या खिडकीखाली सायकल घेऊन उभा राहिला. ट्रिंग ट्रिंग! वैभवी मॅडमनी टीनाला कान झाकून दाखवले. टीनाने कान झाकले. मग तेजराम सावकाश चालत माझ्याकडे आला आणि मी वाजले. टीना थरथरली, अर्धवट उठली, पुन्हा बसली. थोड्या वेळाने तिने हात काढले आणि डबा उघडला.

तेव्हा माझ्या ध्यानात आले, की महाराणी दरबारात येण्यापूर्वी चोपदार ललकारी देतो, त्यात महाराणीचा अपमान नसतो. त्या फुटकळ घंटीला मी चोपदारीण म्हणून ठेवून घेतले.

पुढे एके दिवशी तेजराम गडबडीत चोपदारणीला विसरला आणि थेट माझ्यावर हातोडा घातला. टीना वर्गातून सुसाट निघाली. वैभवी मॅडम मागे धावल्या. माझा आवाज माझ्याच अंगात गोठला. पण टीना फाटकाकडे वळलीच नाही. निंबाला टेकलेल्या सायकलीपाशी थांबून तिने रागारागाने ट्रिंग ट्रिंग केले, तेजरामकडे डोळे वटारून पाहिले आणि पाय आपटत वर्गात जाऊन बसली.

तेवढ्यात कार्यालयातून त्याहून मोठी गर्जना आली.

“तेजराम! लहान घंटी कावून नाही दिली रे? पुरा चहा साडीवर सांडला न माह्या!”

टीनाला घरी बसवण्याची भाषा त्यानंतर सुशीलाबाईंनी पुन्हा केली नाही. साडी धुण्यातच त्यांचा दिवस गेला.

मित्रांनो, मोठा आवाज असणे हा गुन्हा नाही. मी तो कमी केलेला नाही आणि करणारही नाही. पण कोणावर एकदम आदळण्यापूर्वी एक बारीकशी ट्रिंग द्यावी. तेवढ्याने एखादी टीना शाळेत राहते. आणि माझ्या चोपदारणीला अधूनमधून तेल घालत जा. ती स्वतः मागणार नाही, लहान आहे. म्हणून मी सांगते.