भुयाराचं नाक

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात, रझाकारांच्या धास्तीनं, आम्ही घराखाली भुयार खोदलं. माजघरात ज्वारी साठवायचं जमिनीतलं जुनं पेव होतं, पुरुषभर खोल. तिथून निघून मागच्या विहिरीच्या कडेला बाहेर पडायचं, असा बेत.

विहिरी खोदणारे लिंबाजी आले. "काळ्या मातीत नगं, पावसात फुगून बसंल. मुरूम लागूस्तोर खाली जाऊ," म्हणाले. माथा कमानीसारखा घेतला, दर दोन हातांवर बाभळीचा टेकू दिला. त्यांचं सगळ्यांनी ऐकलं.

माझं कुणी ऐकेना. "हवेला वाट कुठून?" एवढंच मी विचारत होते. विहिरीकडचं तोंड कुणाला दिसू नये म्हणून दगडमातीनं बुजवलेलं. पेवाचं तोंड सासूबाईंनी दरसालासारखं कडबा घालून, शेणमातीनं लिंपलं. चाळीस वर्षांचा हात तो.

"मुंगी शिरायची न्हाई," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, आत ज्वारी न्हाई ठेवायची. लेकरं बसणार हायेत."

"वीरभद्रा, तुझी बायको लिंबाजीला शिकवायलीय बघ!"

आमचे हे हसले. लिंबाजी कान खाजवत म्हणाले, "विहिरीला वर आभाळ असतंय, बाई. भुयाराचं मला काय ठाव?"

माझा आवाज मुळात हळू. माझं वाक्य संपेपर्यंत दुसऱ्याचा विषय निघालेला असतो. पंधरा दिवस हेच.

एका सकाळी मी लिंगपूजेला बसत होते. पूजा झाल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही, हा माझा नेम. तेवढ्यात हे धावत आले. देवगाव फाट्याकडं धुरळा दिसत होता. यांनी कुदळीनं पेवाचं तोंड फोडलं. सासूबाईंनी धाकटीला कडेवर घेतलं, थोरल्याचा हात धरला.

"थांबा," मी म्हणाले. नेहमीसारखंच कुणी थांबेना. माझ्या माहेरी पेव उघडलं की आधी दिवा सोडतात; न सोडता उतरलेले दोन गडी मी लहानपणी वर काढलेले पाहिले होते. मी पूजेचा दिवा दोरीला बांधून आत सोडला. छातीइतका खाली गेला आणि विझला.

"वाऱ्यानं गेला," हे म्हणाले.

"वारा असता तर मी पंधरा दिवस कशाला बोलले असते?"

पुन्हा लावला. पुन्हा विझला. सासूबाईंनी पेवात उतरायच्या पायरीवरचा पाय मागं घेतला.

धुरळा मानवतच्या बाजाराला चाललेल्या गाड्यांचा निघाला.

मग लिंबाजींनी विहिरीच्या बांधकामात खाली भुयारापर्यंत एक भोक पाडलं, आणि दुसरं गोठ्यातल्या गव्हाणीमागं वर काढलं. दिवा तळापर्यंत जळत गेला. रोज पूजेआधी मी तो सोडू लागले. "सूनबाई भुयाराची आरती करायलीय," म्हणून शेजारच्या धुरपताबाई हसायच्या. हसू देत.

चौथ्या दिवशी दिवा विझला.

मी गव्हाणीमागं हात घातला. भोकात लुगड्याचा बोळा, वरून शेणाचा लिंपा.

"विंचू येतंय त्यातून," सासूबाई मागून म्हणाल्या. "लेकरं बसणार हायेत ना? म्या पक्कं बुजवलंय."

मी बोळा उपसला. आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरात ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. धुरपताबाई सांगतात, विहिरीवर ऐकू गेलं.