त्रेना आजींचं खरं दुखणं

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे, पण तुमच्या कंपासपेटीतली नव्हे. बितोला गावच्या इस्पितळात मी माणसांचं दुखणं मोजत असे. माझ्या पुढच्या बाजूला नुसती एक सरळ रेघ आहे. एका टोकाला लिहिलंय 'मुळीच दुखत नाही', दुसऱ्या टोकाला 'याहून जास्त दुखूच शकत नाही'. रुग्णाने मधला लाल काटा सरकवायचा. शून्य ते दहा हे आकडे माझ्या पाठीवर असल्याने ते फक्त डॉक्टरांनाच दिसत.

ल्युपका डॉक्टरांनी मला संशोधनासाठी आणलं. खुब्याचं हाड मोडलेल्यांना ऑपरेशनपर्यंत आराम पडावा म्हणून नसा बधिर करणारं इंजेक्शन देतात. ते नेहमीच्या जागेऐवजी नव्या जागी दिलं तर दुखणं जास्त कमी होतं का, हे त्यांना तपासायचं होतं. इंजेक्शन दुसरे डॉक्टर देत. कोणाला कुठे दिलं, ते आम्हाला कळू नये म्हणून बंद पाकिटात राही. मोजायचं काम आम्हा दोघींचं. नव्या जागेवर ल्युपकांचा फार जीव होता, आणि माझा ल्युपकांवर.

एके दिवशी त्रेना आजी आल्या. मिरच्या भाजताना अंगणात घसरून पडलेल्या. इंजेक्शननंतर ल्युपकांनी मला त्यांच्या हाती दिलं. आजींनी काटा सरळ 'मुळीच दुखत नाही'वर नेला. पण शालीचं टोक त्यांनी दातांत घट्ट धरलेलं होतं. मला बोलता येत असतं तर मी ओरडले असते!

ल्युपकांनीही ती शाल पाहिली.

"आजी, खरं सांगा बरं."

"अगं पोरी, सकाळपासून उपाशीपोटी धावतेयस. तुझं इंजेक्शन लागू पडलं नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

"तुमच्या मिरच्यांच्या चटणीत मीठ जास्त झालं आणि मी तोंडदेखलं छान म्हटलं, तर?"

"तर हिवाळाभर तसल्याच बरण्या संपवाव्या लागतील! पळी फेकून मारीन तुला."

"मग आता ती पळी कोणाला मारायची?"

आजी हसल्या आणि हसताना कळवळल्या. मग त्यांनी काटा सरकवला. माझ्या पाठीवर आठ!

ल्युपकांनी आधी दुसरं औषध देऊन त्यांना आराम दिला, मगच वहीत आठ लिहिलं. दोन वर्षांनी पाकिटं उघडली, तेव्हा नवी जागा जुनीपेक्षा सरस ठरली नव्हती. ल्युपकांनी वहीतले सगळे आकडे पुन्हा तपासले. मला फार वाईट वाटलं. पण त्यांनी एकही आकडा बदलला नाही, आणि जे आढळलं तेच छापायला पाठवलं.

आता हे काम संगणकाच्या पडद्यावर होतं. माझा काटा सैल झालाय आणि मी कपाटात पडून असते. मित्रांनो, माझं एवढंच ऐका. मायेने कोणी विचारलं, "किती दुखतंय?" तर त्याला बरं वाटावं म्हणून कमी सांगू नका. त्याला तुमचं दुखणं थांबवायचं असतं हो.