दिसायला छान

“बटण. बटण. चित्र. बटण.”

दादाच्या खोलीतून कॉम्प्युटरचा आवाज येत होता. मी भाजी चिरता चिरता थांबले. परत तेच. “बटण. बटण. चित्र. बटण.” हात पुसत आत गेले.

“काय उघडलंयस रे दादा?”

“काही नाही गं. सवय करतोय. आपली नवी साईट.”

ती साईट मीच केली होती.

दादाला नवव्या वर्षापासून दिसत नाही. तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होता, आता रिटायर झालाय. आम्ही दोघं एका सॉफ्टवेअरचं काम बघतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, चुकलं असेल तर दुरुस्त करावा. ठिकठिकाणची पंधरा-वीस माणसं सवडीनं तो सांभाळतात. वेबसाईट माझ्याकडे आणि नवख्यांच्या शंकांना उत्तरं देणं दादाकडे. नुकतीच दृष्टी गेलेली माणसं साईटवर येऊन काहीबाही विचारतात, कधी नुसतंच मन मोकळं करतात. दादा एकेकाला हाताला धरून शिकवतो. रिटायर झाल्यापासून या कामावरच तो उभा आहे म्हणा ना.

आमच्यात एक रीत आहे. साईटवर काहीही बदललं की पडद्यावर टॉवेल टाकायचा, माऊस बाजूला सारायचा आणि नुसत्या कानांनी सगळं करून बघायचं. रीत दादानंच घालून दिलेली. बारा वर्षं मी ती पाळली. या खेपेला मात्र साईट अशी काही देखणी जमली होती की माझ्याच्यानं ती झाकवेना! नोकरी सांभाळून दोन महिने राबले होते. शब्द काढून त्या जागी छोटी छोटी चित्रं बसवली. आमच्यातल्या सगळ्या डोळस मंडळींनी वाहवा केली आणि मी हुरळून गेले. उद्या टॉवेल टाकून बघू म्हटलं, ते राहूनच गेलं.

त्या चित्रांना नावंच दिली नव्हती मी, मग प्रोग्रॅम नुसतं ‘बटण’, ‘चित्र’ एवढंच वाचणार. आंधळ्यांच्या प्रोग्रॅमची साईट, आणि ती आंधळ्यालाच वापरता येईना. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

“कधीपासून असं बोलतंय हे?”

“अकरा दिवस झाले.”

“अकरा दिवस! आणि तू तोंड शिवून बसलास? मला हाक मारायला काय झालं होतं?”

दादा कीबोर्डच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. “अगं, सगळे छान छान म्हणत होते. मला वाटलं, माझंच डोकं चालत नाही आता. काल कळवून टाकलं मी आपल्या बाकीच्या मंडळींना.”

“काय कळवलंस?”

“उत्तरांचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून. मलाच काही सापडेना, तर मी लोकांना काय सांगणार?”

मला रडू आवरेना. “दादा, तुझं डोकं चांगलं शाबूत आहे. चूक माझी आहे. मी टॉवेल टाकलाच नाही.”

आता हा चिडणार, बोलणार असं वाटलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

“अकरा दिवसांत किती जण येऊन परत गेले असतील गं?” एवढंच तो म्हणाला.

मी तिथेच बसून जुनी साईट परत लावली. दहा मिनिटांचं काम. सगळ्यांना पत्र लिहून चूक कबूल केली. तोवर दादाचं काम आमच्यातल्याच एका बाईंनी आनंदानं घेतलंही होतं. पहिलं उत्तर त्यांनी सकाळीच दिलं होतं, चांगलं दिलं होतं.

“त्यांना सांगू का, तू परत येतोयस म्हणून?”

“बघू.”

“बघू काय? सांगते मी.”

“राहू दे गं आत्ता.” मग म्हणाला, “कशी होती ती दिसायला?”

दोन महिने मी त्या साईटचं कौतुक साऱ्या जगाला ऐकवलं होतं. शेजारच्या खोलीतल्या भावाला मात्र एका शब्दानं सांगितलं नव्हतं. खुर्ची ओढून मी त्याच्याजवळ बसले.

“वर एक निळी पट्टी होती.”

“निळी म्हणजे कसली? आपल्या शाळेच्या स्वेटरसारखी?”

“हो. अगदी तशीच.”

“मग छान होती,” दादा म्हणाला.