बस्त्यातली अर्धी गोष्ट

आजकाल कुठल्याही दुकानात शिरा, आपल्या स्वागताला आधी मोबाईल पुढं येतो. मिठाईच्या दुकानात तसंच, ब्यूटी पार्लरमध्ये तसंच, मुलांच्या शिकवणीच्या वर्गातही तसंच. कुणीतरी हात लांब करून उभं असतं आणि आपण आपल्याही नकळत कुणाच्या तरी जाहिरातीत जाऊन बसतो. तुमचंही कधी असं झालं असेल. म्हणूनच सुलतान बाजारातल्या अंबाजीशेठच्या दुकानात जे घडलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

अंबाजींचे वडील निजामाच्या काळात देगलूरकडची शेती भावाच्या हवाली करून हैदराबादला आले आणि कापडात पडले. तेव्हापासून हे दुकान बस्त्याचं. आपल्याकडं लग्न ठरलं की घरच्या बायका यादी घेऊन येतात, दुकानातल्या पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसतात आणि अख्ख्या लग्नाचं कापड एका बैठकीत बांधून नेतात. तो बस्ता. नवरीचा शालू दोन्ही घरं मिळून घेतात. पण पाहुण्यांच्या आहेराच्या साड्या ज्याच्या त्यानं, व्याह्यांच्या पाठीमागं घ्यायच्या. तिथं मग बायकांच्या जिभा सुटतात. कुणी कुणाला काय दिलं होतं, कुणाचा मान मोठा, कुणाची हौस मोठी! कोंडलेल्या पिंजऱ्याचं दार उघडल्यासारखं सगळं बाहेर येतं. दुकानदारानं ऐकायचं आणि घडी घालता घालता विसरायचं.

मधली काही वर्षं वाईट गेली. मॉल आले, घरबसल्या साड्या मागवायची सोय आली, डोक्यावरून मेट्रो जाऊ लागली आणि गादीवर माणसांपेक्षा ऊनच जास्त बसू लागलं. अशा वेळी सून पुढं आली. रेणू बी.कॉम. झालेली, हाताला वेग, डोळ्याला नजर. तिनं दुकानाचं पेज काढलं. गद्वालचा काठ जवळून दाखवला, पोचमपल्लीची नक्षी उन्हात धरली. बघता बघता मलकपेठेतून, निजामाबादहून, थेट लातूरहून गिऱ्हाईक येऊ लागलं. नवरा शिवराज तर म्हणायचा, "आपल्या दुकानाची लक्ष्मी मोबाईलमधून आली!"

पण रेणूला हळूहळू एक गोष्ट कळली. साडी दाखवली की दोन हजार लोक बघतात. साडी घेणारी बाई भांडताना, रुसताना, हसताना दाखवली की वीस हजार बघतात. मग फोन साडीवरून सरकला आणि माणसांवर जाऊन बसला. गल्ल्याशेजारच्या स्टँडवर तो दिवसभर डोळा उघडा ठेवून असायचा. विचारायचं कुणी कुणाला? "पुढच्या महिन्यापर्यंत लोक विसरून जातात," रेणू म्हणायची.

अशातच मलकपेठेच्या विमलाबाई आपल्या लेकीचा, राणीचा बस्ता बांधायला आल्या. सोबत दोन जावा, एक बहीण. चहा झाला, यादी निघाली.

"ही नवऱ्या मुलाच्या काकूला," विमलाबाई म्हणाल्या. "काठ जरा डोळ्यांत भरंल असा दाखवा, अंबाजीभाऊ. बाई लई नाकाची आहे."

"आणि आत्याबाईंना?"

"त्यांना काय दाखवता! वय झालं, आता कुठं नेसून मिरवणार? काढा एखादी हलकीच. घडी मोडायच्या आत भांडेवालीला देऊन वाट्या घेतील!"

बायका खळखळून हसल्या. एका जावेनं तर पदर तोंडात कोंबला.

शनिवारी रेणूनं तेवढा तुकडा उचलला, त्याखाली ढोलकीचं संगीत टाकलं आणि वर लिहिलं, 'नवऱ्याच्या आत्यासाठी स्पेशल साडी!' रविवारी संध्याकाळपर्यंत चाळीस हजार लोकांनी तो पाहिला. कुणी लिहिलं, 'प्रत्येक आत्याला पाठवा.' कुणी लिहिलं, 'हौ, हमारी फुप्पू को भी यहीच देव!' रेणू आकडे बघून हरखली. आतापर्यंत एवढे आकडे कधी आले नव्हते.

सोमवारी दुकान उघडतं न उघडतं तोच विमलाबाई दारात. चपलाही काढल्या नाहीत.

"अंबाजीभाऊ, माझ्या लेकीचं लग्न मोडलं तुमच्या दुकानानं!"

अंबाजी गादीवरून उठलेच. "वहिनी, आधी बसा. काय झालं?"

"बसते कशाला? काल जयवंताबाईंना शेजारणीनं फोनवर दाखवलं. नवऱ्या मुलाची, संदेशची आत्या हो! संदेशची आई तो चार वर्षांचा असताना गेली. या आत्यानं लग्न केलं नाही, त्याला वाढवला. तिनं फोनवर चारच शब्द सांगितले, 'मी लग्नाला येणार नाही.' आणि पोरगा म्हणतो, आत्या नसंल तर मी बोहल्यावर चढणार नाही. अकरा दिवसांवर लग्न! राणीनं कालपासून पाण्याचा घोट घेतला नाही."

रेणूच्या हातातून घडी सुटली. "काकू, मी... मी आत्ता काढून टाकते." तिनं लगेच रील काढली.

"काढून काय होतंय, बाई? आमच्या भावकीच्या ग्रुपवर सकाळपासून तीनदा आली. पाण्यात मीठ टाकायचं आणि मग म्हणायचं, मीठ परत काढते!"

जुना सेल्समन अप्पाराव हातातला गठ्ठा तसाच धरून उभा राहिला.

अंबाजींनी सुनेकडं पाहिलं. आवाज चढवला नाही. "रेणू, त्या दिवशी पुढं काय झालं होतं, ते कुठं गेलं?"

रेणूनं मान खाली घातली. कारण पुढंही काही झालं होतं. बायकांचं हसू सरल्यावर अंबाजींनी हिरव्या रंगाची, मरून काठाची नारायणपेठ विमलाबाईंच्या पुढ्यात उलगडली होती. "वहिनी, आताच चहा पिताना तुम्हीच सांगितलं, आईविना लेकरू त्यांनी वाढवलं. बघा, तुमच्या मनाला काय येतं." विमलाबाईंचे डोळे भरले होते. "जळो माझी जीभ! हीच बांधा, भाऊ. आहेरातली पहिली साडी हीच."

"ते मी कापलं, मामंजी," रेणू पुटपुटली. "रील छोटीच लागते."

"छोटी लागते म्हणून?"

रेणूनं मान हलवली. "नाही. हसण्याचं जास्त चालतं. रडण्यापर्यंत कुणी थांबत नाही."

शिवराज मध्ये पडला. "बाबा, तिची चूक झाली. पण त्याच पेजवर हे दुकान उभं आहे. आजच्या जमान्यात जाहिरात नको म्हणून कसं चालेल?"

"नको कोण म्हणतंय?" अंबाजी म्हणाले. "माझा बाप ह्याच दारात उभा राहून ओरडायचा, 'या वहिनी, गद्वाल आलंय, नारायणपेठ आलंय!' लोक वळून बघायचे. तीही जाहिरातच होती. सुनेनं आवाज लातूरपर्यंत पोचवला, मला अभिमान आहे तिचा. पण आत आलेली बाई गादीवर बसून काय बोलली, ते माझ्या बापानं कधी दारात जाऊन ओरडून सांगितलं नाही! माल आपला आहे, शिवराज. गिऱ्हाईकाचं बोलणं आपलं नाही."

रेणूनं डोळे पुसले. "पूर्ण व्हिडिओ आहे माझ्याकडं. तो टाकते, माफी मागते."

"म्हणजे पुन्हा मलाच दाखवणार?" विमलाबाई कळवळल्या.

"चाळीस हजारांची माफी नंतर माग," अंबाजी म्हणाले. "आधी एका बाईची माग. नामपल्लीला जा."

"तुम्ही चला ना, मामंजी."

"मी आलो तर ती माझ्या पांढऱ्या केसांकडं बघून माफ करील. ती माफी तुझी नव्हे. तू जा."

नामपल्ली स्टेशनाच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर जयवंताबाई राहत. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची हयात गेली होती. दार उघडंच होतं. जमिनीवर कागद पसरून त्या अंबाडीची पानं खुडत बसल्या होत्या. रेणूनं नाव सांगितलं, दुकानाचं नाव सांगितलं. जयवंताबाईंचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

"आत्याबाई, ती रील अर्धी होती. हे बघा, पूर्ण व्हिडिओ आहे. विमलाकाकूंनी तुमच्यासाठी..."

"तो फोन पिशवीत ठेव."

"पण एकदा बघा तरी..."

"कालपासून फोननं मला लई सांगितलं. आता तू सांग. तोंडानं."

रेणू जमिनीवर बसली. कॅमेऱ्यामागं राहून शेकडो माणसं टिपणारी ही पोरगी. पण समोरच्या डोळ्यांत बघून बोलताना ती अडखळू लागली. तरी तिनं सगळं सांगितलं. हलकी साडी सांगितली, हसणं सांगितलं, नारायणपेठ आणि विमलाबाईंचे भरलेले डोळे सांगितले. शेवटी हेही सांगितलं, की ते डोळे आपण मुद्दाम कापून टाकले.

जयवंताबाई पानं खुडत राहिल्या. पानं वेगळी, देठ वेगळे.

"हलकी साडी मला नवीन नाही, पोरी," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात मीसुद्धा त्याच्या मावससासूला हलकीच घेतली होती. दुकानात असंच काहीबाही बोलले पण होते. बस्त्यात कोण बोलत नाही? बाईला मन मोकळं करायला तेवढीच जागा. गादीवर बोलायचं, आणि उठताना पदर झटकून यायचं. विमलाबाईंचा मला राग नाही."

"मग?"

"काल दूधवाला हसला गं मला! जिन्यात पोरं म्हणाली, 'आत्या, स्पेशल साडी आली का?' तीस वर्षं ह्या जिन्यानं मी ताठ मानेनं चढले-उतरले. तू एका दिवसात माझं हसं केलंस. आणि त्या बिचारीला माझ्या नजरेत वाईट ठरवलंस. आमच्या दोघींतलं होतं, ते तू चव्हाट्यावर नेलंस." त्यांचा आवाज ओला झाला. "आमची आई जात्यावर म्हणायची...

घरातलं उणं, बांधिते मी पदरात,
नको सांगू बाजारात, वाऱ्या दादा!

वाऱ्याला सुद्धा ती विनवायची. तुला मी कसं विनवणार होते? मला तर ठाऊकच नव्हतं!"

रेणू हमसून रडली. तिनं जयवंताबाईंच्या पायांना हात लावला, तो त्यांनी धरला. अंबाडीचा आंबट वास त्यांच्या बोटांना होता.

"पुरे. विमलाबाईंना फोन लाव."

फोन लागला. जयवंताबाईंनी तो कानाला लावला. "विहीणबाई, मी जयवंता. जेवलात का?"

पलीकडून हुंदकाच आला.

"रडू नका हो! मी येणार, चार दिवस आधीच येणार. आणि राणीला खाऊ घाला आधी. वाळून काटकी झाली तर आमच्या पोराला चालायची नाही!" पलीकडं रडता रडता हसू फुटलं, ते रेणूलाही ऐकू आलं. "आणि हौ, नारायणपेठ तर घेणारच मी. पण ती हलकीसुद्धा द्या बरं. घरात नेसायला लागतेच की!"

अहाहा! छातीवरचा दगड उतरावा तशी रेणू हलकी झाली. अकरा दिवसांवरचं लग्न पुन्हा अकरा दिवसांवर येऊन उभं राहिलं.

निघताना तिनं विचारलं, "आत्याबाई, पेजवर माफी मागायची आहे. तुमचं नाव घेऊ का?"

"नाव नको, तोंड नको, विमलाबाईंचंही नको. चूक तुझी, तोंड तुझं."

त्या संध्याकाळी रेणू पहिल्यांदा स्वतः फोनसमोर बसली. अप्पारावनं फोन धरला. "रेडी, अम्मा?" म्हणाला, तर तिला घाम फुटला. आपलं तोंड कसं दिसेल, लोक काय म्हणतील, आवाज का कापतोय! गादीवरच्या बायकांना निदान हे भय तरी आधी वाटायला हवं होतं, ती संधीही आपण दिली नाही, हे तिला तेव्हा उमगलं. तिनं एवढंच सांगितलं: आमच्या दुकानात विश्वासानं बसलेल्या एका घरचं बोलणं मी न विचारता, अर्धं कापून दाखवलं. ज्यांच्याकडं ती रील असेल त्यांनी कृपा करून पुढं पाठवू नये. जुन्या, न विचारता घेतलेल्या सगळ्या रीली मी काढल्या आहेत, आणि यापुढं गादीवर बोलणं चालू असताना फोन बंद राहील.

काहींनी 'नवा ड्रामा' म्हणून टर उडवली. काही लोक पेज सोडून गेले. शिवराज दोन दिवस आकडे बघून उसासे टाकत राहिला. तिसऱ्या दिवशी बोलारमहून एक बाई आपल्या तीन लेकींना घेऊन आली. तिनं बसण्याआधीच विचारलं, "इथं फोन बंद असतो म्हणे, खरं का?" खरं म्हटल्यावर चौघी जणी अशा काही मोकळ्या बोलू लागल्या, की दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली!

पेज आजही चालू आहे. त्यावर काठ दिसतात, विणकराचा माग दिसतो, एका झटक्यात नऊवारीची घडी घालणारे अप्पारावचे हात दिसतात. ते हात आता एवढे प्रसिद्ध झालेत, की निजामाबादच्या एका आजीनं विचारलं, "ह्या हातांचं लग्न झालंय का?" अप्पाराव लाजून गोडाऊनमध्ये जाऊन बसला. कुणी हौसेनं स्वतः पुढं आलं तर रेणू तेही टिपते. मात्र आधी विचारते, मग पूर्ण करून त्यांना दाखवते, आणि त्यांनी 'टाक' म्हटल्यावरच टाकते.

परवा एक नवी नवरी शालू अंगावर धरून आरशासमोर उभी होती. गालांवर असा उजेड, की कुणालाही फोन काढावासा वाटेल.

"दाखवू का गं पेजवर?" रेणूनं विचारलं.

"नको ना, ताई. त्यांनी आधी बघावं."

"बरं," रेणू म्हणाली आणि तिच्या खांद्यावरचा पदर नीट केला.

वाचकहो, धंदा वाढवायला नवी साधनं हवीतच. ती वापरा, जोरात वापरा. आपला माल दाखवा, आपली कला दाखवा, आपले कष्ट दाखवा. पण समोरचा माणूस हा आपला माल नाही. त्याचं हसू, त्याची चूक, त्याच्या घरातलं उणंदुणं हे त्याचं आहे. ते दाखवण्याआधी त्याला विचारायचं, आणि तो 'नको' म्हणाला तर हसून थांबायचं. एवढं ज्याला जमलं, त्याच्या दारात गिऱ्हाईक निर्धास्त चपला काढतं.