सुभेदारांच्या हातचा फेटा

मी फेटा बोलतोय. केशरी, जरीच्या काठाचा. मिरवलो मानसिंगरावांच्या डोक्यावर, पण मला तिथं बांधायचे त्यांचे वडील, कुंडलचे सुभेदार नाथाजी.

पलटणीतून पेन्शन घेऊन येताना सुभेदारांनी मला साताऱ्यात घेतलं, लेकाच्या लग्नासाठी. लेक शिकून वकील झाला, पण फेटा बांधायचं त्याला काही जमेना! मग सुभेदार त्याला पुढ्यात बसवत आणि म्हणत, "हलू नगंस रं." बापलेकांचं बोलणं एवढंच, पण मला ते फार आवडायचं.

सेहेचाळीस साली मानसिंग प्रांताच्या निवडणुकीला उभा राहिला. विट्याच्या सभेत कुणीतरी ओरडलं, "तुजा बा गोऱ्यांच्या पलटणीत व्हता न्हवं?"

सभा हसली. मानसिंगच्या कपाळावरचा घाम मी टिपला. वाटलं, आता सांभाळून बोलेल. कसलं काय!

"गोऱ्यांचं मीठ खाणारा बाप माझ्यापुरता मेला!" तो गरजला. टाळ्या पडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे बोलणं तोंडोतोंडी उंब्रजला पोचलं ते 'मानसिंगचा बाप मेला' एवढंच होऊन. तिथं दिलेली सुभेदारांची लेक रंगूबाई दुसऱ्या सकाळी हंबरडा फोडतच दारात आली. बघते तर आबा ओट्यावर सुपारी कातरत बसलेले! मी मानसिंगच्या हातात होतो. तो नेहमीसारखा फेटा बांधून घ्यायला आला होता.

"आवं आबा, तुमी तर हाय की!" रंगूबाई मटकन खालीच बसली.

"मी मेलो म्हून कुनी सांगितलं गं?"

प्रचारातला कृष्णात हसत पुढं झाला. "आवं, ते भाषणातलं हाय. मानसिंगराव फकस्त 'माझ्यापुरता मेला' म्हनले."

कुणीच हसलं नाही. मानसिंगनं मला आबांच्या पुढं केलं.

"मेलेल्या मानसाकडनं फेटा बांधून घेत्यात व्हय रं?" सुभेदार म्हणाले आणि आत गेले.

मानसिंगराव निवडून आले. मिरवणुकीत कृष्णातनं मला कसंबसं गुंडाळलं होतं. गुलालात सुटून मी गळ्यात आलो. तेव्हापासून मानसिंगराव टोपी घालतात आणि मी ट्रंकेत पडून आहे. सुभेदार अजून ओट्यावर बसतात. लेक मुंबईहून येतो, मागच्या दारानं घरात शिरतो.

मानसिंगराव, मला कसर लागली तरी माझी तक्रार नाही. पण आबा आहेत तोवर एकदा पुढच्या दारानं या हो!